नरक्या आणि त्याच्या पोटातली बुरशी

कर्जतहून कशेळ्यामार्गे खांडसला जाणारा रस्ता भीमाशंकरच्या डोंगराखाली संपतो. पुढे पायवाट. शिडीघाटाने चढा की गणपतीघाटाने, दोन-तीन तासांत माणूस उघड्या कातळावरून एकदम गर्द सावलीत शिरतो. माथ्यावरच्या या रानात जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या खाली एक मध्यम उंचीचे झाड असते. पाने लंबगोल आणि फांदीच्या टोकाला दाटीने आलेली. पावसाळ्यात फिकट पिवळसर, बारीक फुलांचे झुबके येतात आणि त्यांना असा काही वास येतो की मुले नाक दाबून पुढे पळतात. हा नरक्या. वनस्पतिशास्त्रज्ञांनाही वासच आधी जाणवला असावा, कारण याच्या एका जुन्या शास्त्रीय नावात 'फीटिडा' म्हणजे दुर्गंधी असा शब्द आहे.

आजचे नाव आहे नोथॅपोडायटिस निम्मोनियाना. यातल्या 'निम्मो'ची गोष्ट आपल्या भागाशी जोडलेली आहे. जॉन ग्रॅहॅम हा मुंबई इलाख्याच्या टपाल खात्यातला अधिकारी. नोकरी पत्रांची, पण जीव झाडांत. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची त्याने यादी करायला घेतली आणि ती छापून पूर्ण होण्याआधीच १८३९ मध्ये खंडाळ्याला त्याचा मृत्यू झाला. उरलेले काम निम्मो नावाच्या त्याच्या स्नेह्याने तडीस नेले. त्या यादीत या झाडाला निम्मोचे नाव मिळाले. ग्रॅहॅमने झाड भलत्याच कुळात घातले होते, ते पुढच्या लोकांनी दुरुस्त केले. नाव मात्र टिकले. त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षे नरक्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. इमारती लाकूड म्हणून उपयोग नाही, फळाला बाजार नाही.

त्याचे मोल कळले ते दुसऱ्याच एका झाडामुळे, आणि इथून फार लांब. म्हणून थोडे अमेरिकेला जाऊन येऊ.

१९५० च्या दशकात मन्रो वॉल हा रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेच्या शेती खात्याच्या फिलाडेल्फियातील प्रयोगशाळेत होता. कॉर्टिझोन हे तेव्हाचे नवलाचे औषध. ते बनवण्यासाठी लागणारा कच्चा माल एखाद्या वनस्पतीत सापडतो का, हे पाहायला त्याने हजारो वनस्पतींचे अर्क काढून ठेवले होते. त्यांतले सुमारे एक हजार अर्क १९५८ च्या सुमारास कर्करोगावरील चाचणीसाठी राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे गेले. त्यांत एकच अर्क ठळकपणे परिणामकारक ठरला. तो होता कॅम्प्टोथिका अक्युमिनाटा या चीनमधून आणून कॅलिफोर्नियात लावलेल्या झाडाचा. म्हणजे शोधायला गेला एक आणि हाती लागले दुसरेच. पण हाती लागले ते अर्क जपून ठेवले होते म्हणून. शाळेतल्या संग्रहालयाकडे 'अडगळ' म्हणून पाहणाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही.

वॉल १९६० मध्ये उत्तर कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेला, आणि १९६२ मध्ये तिथे त्याला येऊन मिळाले मनसुख वाणी. वाणींचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून ते रसायनशास्त्राचे एम.एस्सी. झाले, मुंबईतच काही वर्षे त्यांनी महाविद्यालयात शिकवले आणि मग अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. वॉल आणि वाणी ही जोडी पुढे कित्येक वर्षे एकत्र राबली. २०२० मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, वाणींचे निधन झाले. खानदेशातल्या किती शाळांत त्यांचे नाव घेतले जाते, याची मला शंका आहे.

त्यांची पद्धत सांगायला सोपी, करायला चिवट होती. झाडाचे सुमारे वीस किलो लाकूड आणि साल घ्यायची. द्रावकात उकळून अर्क काढायचा. अर्काचे दोन भाग करायचे आणि प्रत्येक भाग रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदरांना द्यायचा. ज्या भागाने उंदीर जास्त दिवस जगतील तो ठेवायचा, दुसरा बाजूला सारायचा. ठेवलेल्या भागाचे पुन्हा भाग. पुन्हा उंदीर. कोणता रेणू शोधायचा हे शोधणाऱ्याला ठाऊकच नसते. वाट उंदीर दाखवतो. एकेका फेरीला आठवडे जात. शेवटी फिकट पिवळ्या स्फटिकांच्या रूपाने एक अल्कलॉइड हाती आले. क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली आणि १९६६ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. पदार्थाचे नाव ठेवले कॅम्प्टोथेसिन. याच जोडीने १९७१ मध्ये यू झाडाच्या सालीतील टॅक्सॉलची रचनाही मांडली. विसाव्या शतकातल्या कर्करोगावरच्या औषधांत ही दोन नावे फार वर आहेत.

कॅम्प्टोथेसिनची कथा मात्र लगेच अडखळली, आणि ती का अडखळली हे दहावीच्या वर्गात आम्ल-अल्कली शिकवताना सांगण्याजोगे आहे. हा पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. न विरघळणारे औषध शिरेतून कसे देणार? रसायनतज्ज्ञांनी एक युक्ती केली. रेणूत पाच कडी एकमेकांना जोडलेली आहेत. पाचवे कडे अल्कलीत उघडते आणि सोडियमचा क्षार तयार होतो. हा क्षार पाण्यात छान विरघळतो. १९७० च्या सुमारास रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या त्या या क्षाराच्या. रुग्णांना जुलाब होऊ लागले, रक्तपेशी घटल्या, मूत्राशयातून रक्तस्राव झाला. गुण मात्र फारसा आला नाही. १९७२ मध्ये चाचण्या थांबल्या.

कारण नंतर उमगले. औषधाची सारी करामत त्या पाचव्या कड्यात होती. उघडलेल्या कड्याचा रेणू जवळपास निकामी. पण उघडलेले कडे आम्लात पुन्हा मिटते, आणि लघवी बहुधा आम्लधर्मी असते. म्हणजे गाठीपाशी औषध निर्जीव आणि मूत्राशयात गेल्यावर जागे! विरघळवण्याच्या घाईत औषधाचा प्राणच काढून घेतला होता.

नेमक्या त्याच वर्षी, १९७२ मध्ये, गोरेगावातून एक लहानसा शोधनिबंध निघाला. सिबा या स्विस कंपनीचे संशोधन केंद्र तिथे १९६३ पासून होते आणि त्याचे संचालक होते टी. आर. गोविंदाचारी. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून आलेला हा माणूस भारतीय वनस्पतींतल्या अल्कलॉइडांचा मोठा जाणकार. त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी मॅपिया फीटिडा, म्हणजे आपला नरक्याच, तपासला आणि त्यात कॅम्प्टोथेसिन सापडले. त्याच्या जोडीला एक नवा भाऊबंदही. चिनी झाड एका कुळातले, नरक्या अगदी दुसऱ्याच. तरी रेणू तोच. शिवाय नरक्यातले प्रमाण चिनी झाडापेक्षा बरेच जास्त निघाले. एवढी मोठी गोष्ट, पण औषधच बाद झालेले. निबंध कपाटात गेला आणि नरक्या रानात सुखाने उभा राहिला.

तेरा वर्षांनी चित्र पालटले. १९८५ मध्ये अमेरिकेत लेरॉय लिऊ आणि सहकाऱ्यांनी कॅम्प्टोथेसिन पेशीत नेमके काय करते ते दाखवले. वर्गात हे सुतळीने दाखवता येते. दोन पदरी सुतळीचे एक टोक खिळ्याला बांधा आणि दुसऱ्या टोकाकडून पदर वेगळे करत जा. थोड्याच वेळात पुढची सुतळी इतकी पिळली जाते की पदर सुटेनासे होतात. पेशी विभागण्याआधी डीएनएचे दोन पदर असेच वेगळे व्हावे लागतात आणि हीच अडचण येते. ती सोडवणारे एक विकर आहे, टोपोआयसोमरेज-१. ते एक पदर कापते, पीळ सुटू देते आणि पदर पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके कापल्यानंतर आणि सांधण्यापूर्वी तिथे पाचर बसावी तसे अडकते. काप तसाच राहतो. झपाट्याने विभागणाऱ्या पेशीला हे सोसत नाही. कर्करोगाच्या पेशी मरतात. आतड्यातल्या आणि अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही काही प्रमाणात मरतात, म्हणून तर ते दुष्परिणाम.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, मग झाड स्वतः कसे जगते? त्यालाही टोपोआयसोमरेज लागतेच की. उत्तर २००८ मध्ये जपानी संशोधकांनी दिले. हे विष बनवणाऱ्या झाडांच्या विकरात एका मोक्याच्या जागचे अमिनो आम्ल बदललेले असते, त्यामुळे पाचर बसतच नाही. गंमत आणि दुर्दैव असे की, या औषधाला न जुमानणाऱ्या मानवी कर्करोगपेशींत तोच बदल आढळला होता.

औषध कसे काम करते हे कळल्यावर पाचवे कडे न उघडता रेणू विरघळवण्याचे मार्ग निघाले. जपानमध्ये इरिनोटेकन १९९४ मध्ये बाजारात आले. अमेरिकेत टोपोटेकन आणि इरिनोटेकन या दोघांना १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पहिले अंडाशयाच्या, दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर प्रामुख्याने वापरले जाते. दोन्ही बनतात ती झाडातून काढलेल्या कॅम्प्टोथेसिनवर थोडे रासायनिक काम करून. मग झाड कुठले? गोविंदाचारींचा निबंध कपाटातून बाहेर आला.

पुढचे सह्याद्रीत राहणाऱ्यांना सांगायला नको. आंबोली, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर या पट्ट्यांतून नरक्या तोडला जाऊ लागला. खोडाचे तुकडे, साल, मुळे वाळवून पोत्यांत भरायची आणि रात्री ट्रकमध्ये चढवायची. वनखात्याने माल पकडल्याच्या बातम्या अनेकदा छापून आल्या. तोडणाऱ्याला किलोमागे चार पैसे मिळत. त्याचे पुढे काय होते हे त्याला कुणी सांगत नसे. खोड वरून कापले तर बुंध्याला फुटवे येतात, पण द्रव्य मुळातही भरपूर असल्यामुळे मूळच उपटले जाते. मग काही उरत नाही. ज्या औषधाने कुणाचे तरी प्राण वाचतात त्याच्यासाठी हे चालले होते, म्हणून नुसते 'चोर' म्हणून भागत नाही. प्रश्न असा होता की झाड न तोडता रेणू मिळेल का?

आता बुरशीकडे येऊ. बुरशी औषध देते ही कल्पना जुनी आहे. पेनिसिलिन सर्वांना माहीत असते. समुद्राची गोष्ट कमी माहीत असते. १९४५ मध्ये सार्डिनिया बेटावरील काल्यारी शहरात ज्युझेप्पे ब्रोत्झू या प्राध्यापकाने सांडपाणी समुद्राला मिळते तिथल्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. तिच्यातून पुढे सेफॅलोस्पोरिन हा प्रतिजैविकांचा मोठा गट निघाला. समुद्री बुरशीत मिळालेल्या एका रेणूवरून प्लिनाब्युलिन हे द्रव्य तयार झाले आणि ते कर्करुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोचले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र त्याला मान्यता नाकारली. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही खारफुटीतल्या आणि खोल समुद्रातल्या बुरश्यांचा अभ्यास झाला आहे. बुरशीचा मोठा गुण असा की ती पिंपात वाढते. रान तोडावे लागत नाही, प्रवाळ खरवडावे लागत नाहीत.

आणि बुरशी झाडाच्या आतही असते. आजारी नव्हे, चांगल्या धडधाकट झाडाच्या पानात, सालीत, बियांत. तिला अंतर्वासी बुरशी म्हणू. हे पाहायचे असेल तर एखादे निरोगी पान घ्या. ते स्पिरिटमध्ये आणि विरंजक द्रावणात बुडवून पृष्ठभाग निर्जंतुक करा, उकळलेल्या पाण्याने धुवा, चौकोनी तुकडे करा आणि बटाट्याचा काढा व आगर घातलेल्या बशीवर ठेवा. दुसऱ्या बशीवर न कापलेले धुतलेले पान नुसते टेकवून उचला. काही दिवसांत पहिल्या बशीत तुकड्यांच्या कापलेल्या कडेतून पांढरे तंतू बाहेर येतात. दुसरी बशी कोरी राहिली तरच म्हणायचे की बुरशी आतून आली. बश्या चिकटपट्टीने बंद ठेवाव्यात, उघडून हुंगू नयेत. ही दुसरी बशी विसरू नका. पुढची सगळी कथा अशाच 'दुसऱ्या बशी'वर उभी आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेतील मोंटाना राज्यात स्टिअर्ली दांपत्य आणि गॅरी स्ट्रोबेल यांनी यू झाडाच्या सालीतून एक बुरशी काढली आणि ती काचपात्रात स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनवते असे जाहीर केले. तेव्हा एक किलो टॅक्सॉलसाठी यूची सात ते दहा हजार किलो साल लागत असल्यामुळे बातमी जगभर गाजली. मग प्रत्येक औषधी झाडाच्या पोटात बुरशी शोधण्याची लाट आली. नरक्याची पाळी २००५ मध्ये आली. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील पुरी, काझी आणि सहकाऱ्यांनी जर्मन शास्त्रज्ञ मिखाएल श्पिटेलर यांच्यासोबत जाहीर केले की नरक्याच्या आतल्या सालीतली एक बुरशी कॅम्प्टोथेसिन बनवते. पुढे नरक्याच्या बियांतूनही अशीच दुसरी बुरशी मिळाली, चिनी झाडातून मिळाली, पश्चिम घाटातल्या आणखी एका झाडातूनही मिळाली.

जंगल वाचले, असे वाटण्याचा तो क्षण होता. थोडे गणित करू. या बुरश्या लिटरमागे काही मायक्रोग्रॅम कॅम्प्टोथेसिन देत. दहा मायक्रोग्रॅम धरू. एका रुग्णाला इरिनोटेकनची एक मात्रा साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. दोन्ही रेणूंच्या वजनातला फरक आणि वाटेतली घट सोडून दिली तरी एका मात्रेला पन्नास हजार लिटर द्रव लागेल. पेनिसिलिनच्या बुरशीचीही सुरुवात अशीच दरिद्री होती, पुढे निवड करून उत्पादन कितीतरी पटींनी वाढले, असे आशावादी म्हणत. त्यात चूक नव्हती.

पण इथे उलटेच झाले. एका बशीतून दुसऱ्या बशीत, दुसरीतून तिसरीत बुरशी लावत गेले की कॅम्प्टोथेसिन कमी कमी होत जाई आणि काही पिढ्यांत जवळजवळ नाहीसे होई. जर्मनीत डॉर्टमुंड येथे सौविक कुसारी आणि श्पिटेलर यांनी चिनी झाडातल्या फ्युझॅरियम बुरशीचा पाठपुरावा केला. २०११ मध्ये त्यांनी सांगितले की रेणू घडवण्याच्या मार्गावरचे एक महत्त्वाचे विकर या बुरशीकडे नाहीच. ते ती झाडाकडून उसने घेते. त्यांनी बुरशी पुन्हा झाडात घालून पाहिली, तरी गेलेली ताकद भरून आली नाही. टॅक्सॉलची अवस्था आणखी वाईट झाली. २०१३ मध्ये जर्मनीतच हायनिग, येनेवाइन आणि सहकाऱ्यांनी मोंटानाची ती मूळ बुरशी आणि इतर काही बुरश्या पुन्हा बारकाईने तपासल्या. बुरशी स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनवते याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. झाडाच्या ऊतीतून आलेला अंश बुरशीबरोबर बशीत उतरला तर पहिल्या काही पिढ्यांत तो सापडेल आणि मग विरत जाईल, ही शंका तेव्हापासून या क्षेत्राला चिकटली आहे. माझे मत विचाराल तर, सुरुवातीच्या बऱ्याच निबंधांत रेणू ओळखण्याची उपकरणे उत्तम होती आणि तो आला कुठून हे तपासण्याची चिकाटी कमी होती. मायक्रोग्रॅम मोजता आले की माणसाला ते खरे वाटू लागतात.

हाच अनुभव मुंबईच्या दुसऱ्या एका शोधालाही आला. मुलुंडच्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रातील रसायनशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये डिसोझायलम बायनेक्टॅरिफेरम या झाडातील रोहिट्युकिनवर निबंध लिहिला. त्या रेणूवरून घडवलेले फ्लाव्होपिरिडॉल हे आपल्या जातीचे माणसांवर तपासले गेलेले पहिले औषध होते. २०१२ मध्ये कर्नाटकातल्या शास्त्रज्ञांना त्या झाडातही रोहिट्युकिन बनवणारी बुरशी मिळाली. तिचीही ताकद बशीगणिक उतरत गेली.

तरी प्रकरण मिटलेले नाही. बंगळूरूच्या कृषी विद्यापीठातील उमा शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातला नरक्या वर्षानुवर्षे अभ्यासला आहे. कोणत्या ठिकाणच्या झाडात कॅम्प्टोथेसिन किती, याची मापे त्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. एका झाडात दुसऱ्याच्या कितीतरी पट द्रव्य असू शकते. म्हणजे भरघोस द्रव्याची झाडे निवडून त्यांची रोपे लावता येतील आणि रानातली झाडे सोडता येतील. याच गटाने २०१५ मध्ये बुरशीवरचा आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बशीत थकलेली बुरशी त्यांनी पुन्हा यजमान झाडात घातली आणि मग परत बाहेर काढून वाढवली. कॅम्प्टोथेसिन पुन्हा दिसू लागले. डीएनएवर बसणाऱ्या मिथाइल खुणा रोखणारे द्रव्य दिल्यावरही तसेच झाले. डॉर्टमुंडला जे जमले नव्हते ते इथे घडले होते. याचा अर्थ निदान या बुरशीत तरी जनुके हरवली नसून गप्प केली गेली असावीत. कुणाच्या सांगण्यावरून गप्प होतात आणि झाड त्यांना काय सांगून बोलते करते, हे शोधायचे आहे.

दरम्यान औषधाची मागणी ओसरलेली नाही. २०१९ आणि २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या स्तनांच्या कर्करोगावरच्या दोन नव्या औषधांत प्रतिपिंडाला बांधून गाठीपर्यंत पोचवलेले विष कॅम्प्टोथेसिनच्याच घराण्यातले आहे. आणि कारखान्यात जाणारे कॅम्प्टोथेसिन आजही मुख्यतः झाडातूनच येते, थोडे चिनी झाडातून, थोडे नरक्यातून. खांडसच्या वाटेने मुलांना घेऊन वर गेलात तर पावसाळ्यात त्या वासावरून झाड सापडेल. पानाला हात लावायला हरकत नाही. फळ तोंडात घालू देऊ नका.